मायक्रोस्कोपचा कॅमेरा दीड वर्ष वापरला, आता त्याच्या सॉफ्टवेअरबद्दल

पहिल्या दिवशी काढलेला फोटो मी अजून पुसलेला नाही. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूने रंगवलेली स्लाइड होती. आयपीसमधून बघावं तर बुरशीचे धागे स्वच्छ निळे, आणि कॉम्प्युटरवर तेच धागे राखेसारखे, मागची जागा सायीसारखी पिवळट. माती तपासायला घेऊन आलेले नरखेडकडचे एक काका शेजारीच उभे होते. त्यांनी एकदा आयपीसला डोळा लावला, एकदा पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, हे दोन येगयेगळे रोग होय का?”

कॅमेरा अजून तोच आहे, सॉफ्टवेअरही तेच. आधीच सांगून टाकते, वस्तू वाईट नाही. पाचात साडेतीन देईन. पण त्या साडेतीनपर्यंत पोचायला मला जेवढं फिरावं लागलं, ते लिहिलं तर कोणाचे तरी दोन-तीन महिने वाचतील.

मी नागपूरला काटोल नाक्याजवळ दोन खोल्यांत वनस्पतींच्या रोगांची छोटी तपासणी प्रयोगशाळा चालवते. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात शिकले, मग बारा वर्षं दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत नोकरी, आता स्वतःचं. काम बहुतेक संत्र्याचं. काटोल, नरखेड, कळमेश्वर, तिकडे वरुड-मोर्शी. त्यातही निम्म्याहून जास्त डिंक्याचं, म्हणजे फायटोप्थोरा नावाच्या मातीतल्या बुरशीसारख्या जिवाचं. बुंध्यातून डिंक गळतो, पानं पिवळी पडतात, खाली तंतुमुळं सडलेली असतात, आणि बगिचावाला म्हणतो की खत कमी पडलं. आम्ही ती माती पाण्यात भिजवतो, वर संत्र्याच्या पानाचे तुकडे तरंगत ठेवतो आणि दोन-तीन दिवसांनी त्या तुकड्यांच्या कडा मायक्रोस्कोपखाली बघतो. फायटोप्थोरा असेल तर कडेला लिंबाच्या आकाराच्या पिशव्या लागलेल्या दिसतात, टोकाला छोटीशी बोंडी असलेल्या. त्यांना स्पोरँजिया म्हणतात. ही बोंडी, पिशवीचा आकार आणि तिचं माप यावर माझा अर्धा रिपोर्ट उभा असतो.

फोटो लागतो तो शेतकऱ्याला पटावं म्हणून. आयपीसमधून बघायला सवय लागते, पहिल्यांदा डोळा लावणाऱ्याला बहुतेक वेळा स्वतःच्या पापण्याच दिसतात. खरं सांगते, इतकी वर्षं मी मोबाइल आयपीसला टेकवूनच फोटो काढले आणि नुसतं “हे बघा काका, हे तुमच्या मातीतलं” एवढंच म्हणायचं असेल तर आजही तेवढं पुरतं. माप घ्यायचं असेल, किंवा जुलैतला फोटो आणि सप्टेंबरातला फोटो शेजारी ठेवून तुलना करायची असेल, तर मात्र मोबाइल कामाचा नाही. दर वेळी तो मनाला येईल तो रंग आणि येईल तो उजेड धरतो.

म्हणून आधी ऑनलाइन एक कॅमेरा मागवला होता, डब्यावर ४८ मेगापिक्सेल लिहिलेला. फाइल खरंच तेवढी मोठी यायची. पण मोठं करून बघितलं की धाग्याच्या कडा भिजलेल्या पापडासारख्या. आतला सेन्सर लहानच होता, मधले नसलेले पिक्सेल सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने भरून फोटो फुगवत होतं. सहाव्या दिवशी परत पाठवला. नंतर सीताबर्डीतल्या एका शास्त्रीय उपकरणांच्या दुकानातून हा घेतला. पाच मेगापिक्सेल, यूएसबीचा, सोबत तो मायक्रोस्कोपला जोडणारं अर्ध्या पटीचं सी-माउंट अडॅप्टर, सगळे मिळून १९,५०० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर मला भांडण नको, आणि दुसरं म्हणजे हेच सॉफ्टवेअर वेगवेगळी नावं लावून विकलं जातं. डावीकडे उभी पट्टी, त्यात एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, कलर अ‍ॅडजस्टमेंट, फ्लिप असे एकाखाली एक उघडणारे कप्पे दिसले की समजा, तुमच्याकडेही त्याचाच भाऊ आहे.

सॉफ्टवेअर आलं छोट्या सीडीवर. माझ्या लॅपटॉपला सीडीचं तोंडच नाही. दुकानदाराने पेन ड्राइव्हवर दिलं, भाच्याने बसवून दिलं. कॅमेरा आधी जोडून मग सॉफ्टवेअर टाकलं तर ते ओळखायला नकार देतं, ते आधी टाकून मग वायर लावायची, एवढं लक्षात ठेवा. वायर सरळ लॅपटॉपला लावा, हब नको आणि लांबवायची जोडवायरही नको. पुढे जाऊ.

आता मुख्य दुखणं. सॉफ्टवेअर उघडलं की ऑटो एक्स्पोजर चालू असतं, म्हणजे सेन्सरने किती वेळ उजेड घ्यायचा ते सॉफ्टवेअरच ठरवतं. दुकानातल्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, “ऑटोवरच ठेवा मॅडम, सगळं आपोआप होतं.” होतं ना! तेच तर दुखणं आहे. साध्या उजेडाच्या मायक्रोस्कोपात चित्राचा बहुतांश भाग पांढरा असतो, रिकाम्या काचेचा. ऑटो त्या पांढऱ्याला उजेड जास्त झाला असं समजतं आणि ओढून राखाडी करतं. स्लाइड सरकवली आणि पानाचा काळसर तुकडा मध्ये आला की त्याला वाटतं अंधार पडला, मग कडेची नाजूक बुरशी उजेडात धुऊन जाते. शेवटी एकाच स्लाइडचे दहा फोटो दहा उजेडांचे. उजेड कुठला मोजायचा ते दाखवणारा एक हिरवा चौकोन असतो, तो रिकाम्या जागी ओढून ठेवला तर ऑटो जरा शहाणं वागतं. पण मी सरळ ऑटोची खूणच काढून टाकली.

ती काढल्यावर हातात दोन गोष्टी येतात, एक्स्पोजरचा वेळ आणि गेन. गेन शक्य तितका खाली, एकवर. गेन वाढवला म्हणजे उजेड वाढत नाही, आलेल्या उजेडाचा आवाज वाढतो, सोबत खरखरही. मग हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल ते दाखवणारा आलेख, उघडायचा आणि रिकाम्या काचेचा डोंगर २५५च्या, म्हणजे सगळ्यात पांढऱ्याच्या, भिंतीला न टेकता २३०-२४०च्या आसपास येईल असा एक्स्पोजर लावायचा. भिंतीला टेकला की तिथली माहिती गेली, ती नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

यात माझी एक जुनी सवय आडवी आली. माझ्या मायक्रोस्कोपला सहा व्होल्ट वीस वॉटचा हॅलोजन दिवा आहे. तो जपायचा म्हणून मी नेहमी मंद ठेवायची. डोळ्याला पुरे. कॅमेऱ्याला मात्र पुरत नाही, मग ऑटो गुपचूप एक्स्पोजर नव्वद-शंभर मिलिसेकंदांपर्यंत नेऊन ठेवायचं. आणि मे महिना. नर्सरीवाले मृगाच्या आधी कलमांची माती तपासून घेतात, त्यामुळे नवतप्याच्या त्या नऊ कडक दिवसांतही माझी सुट्टी नसते. खोलीत कूलर चालू. ४०एक्सला, म्हणजे चाळीस पटीच्या लेन्सला, प्रत्येक धाग्याला सावलीसारखा दुसरा धागा चिकटलेला. मी अडॅप्टर उघडलं, लेन्स पुसली, दुकानात जाऊन आले, शार्पनेसची पट्टी टोकापर्यंत ओढली. शेवटी एका दुपारी वीज गेली, कूलर थांबला, लॅपटॉप बॅटरीवर होता, आणि यूपीएसवरच्या दिव्यात चित्र एकदम आरशासारखं. कूलरची थरथर टेबलातून स्लाइडपर्यंत येत होती आणि शंभर मिलिसेकंदांत ती आरामात फोटोत उतरत होती. आता मायक्रोस्कोप कडप्प्याच्या फरशीवर आहे, फरशीखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे आहेत, दिवा मोठा आणि एक्स्पोजर बारा मिलिसेकंद. कूलर चालू राहिला तरी चालतं. दिव्याचा बल्ब वर्षात एक जास्त लागेल, लागू दे.

हॅलोजनची दुसरी गंमत अशी की दिवा मंद केला की उजेड पिवळा होतो आणि वाढवला की पांढरा. म्हणजे दिव्याच्या चकतीला हात लावला की व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळणी, गेला. म्हणून चकतीवर मी नखपॉलिशने एक खूण केली आहे, फोटोच्या वेळी दिवा तिथेच. उजेड कमी-जास्त करायचा तो एक्स्पोजरनेच.

पहिल्या दिवशीच्या त्या राखाडी फोटोचं कारणही व्हाइट बॅलन्सच होतं. ऑटो व्हाइट बॅलन्स असं धरून चालतं की सगळ्या चित्राची सरासरी काढली तर ती राखाडीच यायला हवी. माझी स्लाइड निळीच असेल तर ते निळा मारतं आणि पिवळा घालतं. करायचं एवढंच की स्लाइड सरकवून रिकामी काच मधोमध आणायची, व्हाइट बॅलन्सचं बटण एकदाच दाबायचं, मग त्याला कुलूप. या सॉफ्टवेअरमध्ये कुलूप वेगळं नाही, ऑटोची खूण काढली की तेच कुलूप. हे मला तीन आठवड्यांनी कळलं, कारण मदतीच्या पुस्तिकेतलं इंग्रजी कोणीतरी चिनीतून शब्दाला शब्द लावून केलेलं आहे. मराठी सोडाच, हिंदीसुद्धा नाही. बारावी झालेल्या आमच्या सहायक मुलीला मी सगळ्या पट्ट्यांची नावं मराठीत लिहून दिली आहेत. गॅमाला तिने स्वतःच “मधल्या छटा” म्हटलं, मला ते पुस्तिकेपेक्षा बरं वाटलं.

ते नरखेडचे काका पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांना नवा, खऱ्या निळ्याचा फोटो दिला. बघून म्हणाले, “पयला सोनेरी होता, तोच मस्त होता ना मॅडम!” आता यावर काय बोलणार.

शार्पनेसबद्दल जरा जास्त बोलते, कारण इथे नुसती नावड नाही, चूक होते. या सॉफ्टवेअरमध्ये ती पट्टी सुरुवातीलाच मधल्या जागी असते. शार्पनेस म्हणजे कडेच्या एका बाजूला काळं गडद करणं आणि दुसऱ्या बाजूला पांढरं वाढवणं. फायटोप्थोराचा धागा जवळजवळ पारदर्शक, पाच ते आठ मायक्रॉन जाडीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याच्या दोन्ही बाजूंना चकाकती पांढरी रेघ उठली की ती जाड भिंतीसारखी दिसते. एका फोटोवरून मीच पाच मिनिटं विचारात पडले होते की ही दुसरीच बुरशी तर नाही. आयपीसला डोळा लावला, भिंत गायब. तेव्हापासून शार्पनेस शून्य, सॅच्युरेशन मध्यावर, कॉन्ट्रास्ट मध्यावर, गॅमा एक. पारदर्शक धागा उठावदार हवा असेल तर स्लाइडखालच्या कंडेन्सरचा डायफ्रॅम, म्हणजे उजेड येण्याचं तोंड, थोडा मिटायचा. खऱ्या उजेडाने जे होतं ते पट्टीने होत नाही. फार मिटला तर मात्र बारकावे जातात आणि धुळीचे कण वर्तुळं काढून नाचायला लागतात. आयपीस काढून नळीतून खाली बघा, उजेडाचं वर्तुळ तीन-चतुर्थांश भरलेलं दिसलं की थांबा. हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं आणि मी विसरले होते. सॉफ्टवेअरने आठवण करून दिली, हा त्याचा उपकार.

आता मेगापिक्सेल. दुकानदार, भाचा आणि माझे यजमान, तिघांचंही मत एकच: पाच घेतलेत तर पाच वापरा. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. ४०एक्सच्या ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे स्लाइडजवळच्या लेन्सवर, ०.६५ असा आकडा कोरलेला असतो, न्यूमेरिकल अपर्चर. दोन ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात किमान किती अंतर हवं ते काढायचं तर ०.६१ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी, भागिले हा आकडा. हिरव्या प्रकाशाला ०.५५ मायक्रॉन धरा, उत्तर साधारण अर्धा मायक्रॉन. त्याहून बारीक काही ही काच दाखवतच नाही. आता कॅमेरा. सेन्सरचा एक पिक्सेल २.२ मायक्रॉनचा, मध्ये अडॅप्टर अर्ध्या पटीचं, म्हणजे एकूण वीस पट, म्हणजे स्लाइडवर एक पिक्सेल ०.११ मायक्रॉन. अर्धा मायक्रॉन नीट टिपायला त्याच्या निम्म्याचा, म्हणजे पाव मायक्रॉनचा पिक्सेल पुरतो. अर्थ असा की ४०एक्सला २५९२ बाय १९४४ काढून मी लेन्समधून न आलेले बारकावे साठवत होते. १२९६ बाय ९७२ला, म्हणजे चार पिक्सेल मिळून एक केला की, ०.२२ येतं. पुरे झालं.

गंमत पुढे आहे. ४एक्सच्या ऑब्जेक्टिव्हचा आकडा ०.१०. तिथे लेन्स साडेतीन मायक्रॉनच्या आतलं दाखवत नाही, पण एकूण मोठेपणाही दोनच पट, म्हणून एक पिक्सेल १.१ मायक्रॉनचा. इथे मात्र रिझोल्यूशन अर्धं केलं तर पिक्सेल २.२चा होतो आणि दिसणारं हातचं जातं. म्हणजे लहान लेन्सला पूर्ण रिझोल्यूशन आणि मोठ्या लेन्सला अर्धं. मी हे भाच्याला सांगितलं तर म्हणाला, “मावशी, उलटं बोलून राहिली तू.” मग दोन्ही फोटो शेजारी ठेवून मोठे करून दाखवले. गप्प बसला. अर्ध्या रिझोल्यूशनचा फायदा हाताला लगेच लागतो. यूएसबी दोनच्या वायरीवर पूर्ण चित्र सेकंदाला सहा-सातच यायचं, फोकसचं चाक फिरवलं की पडदा मागून यायचा, पुढे गेलेल्या बैलगाडीमागे कुत्रं पळत यावं तसा. अर्ध्यावर ते बरोबरीने चालतं.

याच रिझोल्यूशनच्या नादात माझ्या हातून या दीड वर्षातली सगळ्यात मोठी चूक झाली, आणि त्यात सॉफ्टवेअरचा निम्मा वाटा मी मोकळेपणी त्याच्या नावावर टाकते. मापासाठी आधी कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे किती पिक्सेलला किती मायक्रॉन ते सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. स्टेज मायक्रोमीटर म्हणजे एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेली काच, दोन रेघांत दहा मायक्रॉन. ती ठेवून मी पूर्ण रिझोल्यूशनला ४०एक्स बसवलं होतं, १०० मायक्रॉनला सुमारे ९१० पिक्सेल. छान. मग रिझोल्यूशन अर्धं केलं. आता त्याच १०० मायक्रॉनला ४५५ पिक्सेलच येणार, हे सॉफ्टवेअरला कळायला हवं होतं. कळलं नाही. यादीत “४०एक्स” तसंच निवडलेलं, मापाची पट्टी तशीच टेचात उभी. मी चाळीस मायक्रॉनच्या स्पोरँजियाला वीस मायक्रॉन लिहून तीन रिपोर्ट पाठवले. तिसरा रिपोर्ट माझ्या जुन्या मॅडमकडे सल्ल्यासाठी गेला. त्यांचा फोन आला, “अगं, एवढीशी फायटोप्थोरा कुठे पिकवलीस?” तिन्ही शेतकऱ्यांना मी स्वतः फोन केला, माप दुरुस्त करून रिपोर्ट पुन्हा दिले. रोग तोच होता, बोर्डो मलमाचा सल्लाही तोच, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. नुकसान कोणाचं झालं नाही. पण माझी झोप गेली ती गेली.

आता यादीत “४०एक्स पूर्ण” आणि “४०एक्स अर्धं” अशी दोन वेगळी नावं आहेत, आणि महत्त्वाचं माप मी इमेज-जेमध्ये पुन्हा घेते. हे मोफत सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये वेन रासबँड यांनी बनवलं, १९९७पासून लोक वापरतात. दिसायला ओबडधोबड, एक बारीक पट्टी आणि चार बटणं, पण ते स्वतःहून काही सुधारायला जात नाही. मला एवढंच हवं असतं.

झूस्पोरबद्दल, म्हणजे फायटोप्थोराच्या पोहणाऱ्या बीजाणूंबद्दल, लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही, कारण हा कॅमेरा मी मनातल्या मनात त्यांच्यासाठीच घेतला होता. स्पोरँजिया असलेला पानाचा तुकडा पाण्यासकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचा, मग बाहेर काढायचा. खोलीची ऊब लागली की थोड्या वेळाने ती बोंडी उघडते आणि आतून शेपटीवाले झूस्पोर भराभर बाहेर पडतात, शाळा सुटल्यासारखे. पाणी साचलेल्या बगिच्यात डिंक्या का पसरतो ते समजावायला यापेक्षा चांगला व्हिडिओ नाही. पण हे पोहतात सेकंदाला शंभर-दोनशे मायक्रॉन, आणि स्वतः असतात दहा-एक मायक्रॉनचे. शंभर मिलिसेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये ते स्वतःच्या अंगाच्या एक-दोन पट पुढे निघून जातात, फोटोत नुसती फरकाटी राहते. पाच मिलिसेकंदांवर आणलं तर एक मायक्रॉनच्या आत थांबतात. एवढ्या कमी वेळेला दिवा नेहमीची खूण सोडून दुसऱ्या खुणेवर, जवळजवळ पूर्ण करावा लागतो, व्हाइट बॅलन्स पुन्हा घ्यावा लागतो, थोडा गेनही द्यावा लागतो, दोनपर्यंत. खरखर दिसते, दिसू दे.

इथे सॉफ्टवेअरची एक खोड सांभाळा. समोर दिसणाऱ्या चित्राचं आणि काढायच्या फोटोचं रिझोल्यूशन वेगळं निवडता येतं. बाकी वेळी हे सोयीचं आहे. पण दोन्ही वेगळी असली की बटण दाबल्यावर कॅमेरा आधी मोड बदलतो आणि मग फोटो घेतो, तेवढ्यात तुमचा झूस्पोर कळमन्याला पोचलेला असतो. दोन्ही एकच ठेवा. चौकट लहान करून घेण्याची सोय मात्र उत्तम आहे. मधला तुकडाच निवडला की वेग इतका वाढतो की पहिल्यांदा बघून मी सहायक मुलीला हाक मारून बोलावलं होतं.

पन्नास हर्ट्झचं थोडक्यात सांगते. पानावरच्या काळ्या माशीची पिल्लं बघायला आमच्याकडे स्टिरिओ मायक्रोस्कोप आहे, त्याला जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड. कॅमेरा त्यावर लावला तर पडद्यावर काळे पट्टे वरून खाली वाहायला लागले. सॉफ्टवेअरमध्ये ६० हर्ट्झ निवडलेलं होतं. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, म्हणून एक्स्पोजर दहाच्या पटीत हवा, दहा, वीस, तीस मिलिसेकंद. ५० निवडलं, पट्टे गेले.

कोपरे काळवंडतात त्यासाठी फ्लॅट फील्डची सोय आहे, रिकाम्या काचेचा एक फोटो दिला की बाकीचे त्याने सारखे करून देतं. चांगलं चालतं. लेन्स बदलली की पुन्हा द्यायचा एवढंच.

फाइल ठेवताना मी मूळ फोटो टिफमध्ये ठेवते. पूर्ण रिझोल्यूशनचा एक फोटो पंधरा एमबी होतो, हार्ड डिस्क कुरकुरते, पण जेपेगमध्ये त्या नाजूक धाग्यांच्या कडेला चौकड्या पडतात. शेतकऱ्याला जेपेगच जातो, मापाची पट्टी चित्रात पक्की करून. ती पक्की करायचं वेगळं बटण आहे. ते विसरलं तर पडद्यावर दिसणारी पट्टी फाइलमध्ये येत नाही, आणि समोरचा विचारतो, “मॅडम, याचं माप कुठं हाये?” व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला तर ते त्याचा भुगा करतं.

दुकानाची सेवा? माणसं गोड आहेत, फोन उचलतात. पण कॅमेरा विकतात, मायक्रोस्कोप विकतात, सॉफ्टवेअर त्यांच्यातल्या कोणी मन लावून वापरलेलं नाही. दर प्रश्नाला “ऑटोवर ठेवून बघा ना मॅडम.” अडॅप्टर थोडं वाकडं बसत होतं, एका कोपऱ्याला फोकस सुटायचा, ते मात्र त्यांच्या मिस्त्रीकाकांनी दहा मिनिटांत पितळी चकती घालून सरळ करून दिलं, पैसे घेतले नाहीत. साडेतीनमधला अर्धा त्या काकांचा आहे.

घ्यायचा का? माझ्यासारखं काम असेल, हातात मायक्रोमीटरची काच असेल आणि आठवडाभर पट्ट्या ओढत बसायची तयारी असेल तर जरूर. शाळा-कॉलेजात नुसतं पडद्यावर दाखवायचं असेल तर ऑटोवर ठेवा आणि माझं हे सगळं विसरा, बरं दिसेल. रक्ताच्या स्लाइडवाल्यांनी रंगाचं आपलं आपण तपासून घ्यावं, त्यात मी बोलणार नाही.

आणि अपडेट करू नका. मागच्या महिन्यात मी केलं. प्रत्येक लेन्ससाठी वेगळा सेटिंगचा ग्रुप साठवता येतो, ही या सॉफ्टवेअरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. अपडेटनंतर चारही ग्रुप साफ, ६० हर्ट्झ परत, शार्पनेस परत मध्यावर. आमच्या सहायक मुलीने सगळे आकडे वहीच्या पानावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवले होते म्हणून अर्ध्या तासात पूर्ववत झालं. त्या पानावर तिच्या अक्षरात असं आहे: चारला पूर्ण, एक्स्पोजर तीन. दहाला पूर्ण, पाच. चाळीसला अर्धं, बारा. पोहणाऱ्यांना अर्धं, पाच, गेन दोन, दिवा दुसऱ्या खुणेवर. बाकी गेन एक, शार्पनेस शून्य, मधल्या छटा एक, पांढरं रिकाम्या काचेवर. तुमचा दिवा वेगळा असेल, तेव्हा एक्स्पोजरचे आकडे तुमचे तुम्हीच काढा.